८ एलिमेंटची म्हणून लिलावात घेतलेली लेन्स ७ एलिमेंटची निघाली. थोडे पैसे घेऊन केस बंद करू का?

काचबिलोरी यांचा प्रश्न

लिलावात जिंकलेल्या एका जुन्या लेन्सवरून विक्रेत्याशी माझं वाजलंय. सुपर-टाकुमार ५० एमएम एफ/१.४, एम४२ स्क्रू माउंट. लिस्टिंगच्या शीर्षकातच होतं, '८ एलिमेंट, पहिली आवृत्ती'.

ज्यांना या प्रकाराचं वेड नाही त्यांच्यासाठी: १९६० च्या दशकात ही लेन्स आधी आठ एलिमेंटची (एलिमेंट म्हणजे आतली एकेक काच) आली आणि लवकरच आतली रचना बदलून सात एलिमेंटची झाली. नाव तेच, अंगही जवळपास तेच. आठवाली थोडीच निघाली, म्हणून संग्राहक तिच्यामागे लागतात. सातवालीत थोरियम घातलेली काच आहे आणि ती वर्षं सरतील तशी पिवळी पडते. आठवालीला हा रोग नाही.

माझ्या हातात आलेली इतकी पिवळी आहे की पांढऱ्या कागदावर धरली तर कागद जुना वाटतो. तिथेच शंकेची पाल चुकचुकली. मग इन्फ्रारेडची लाल खूण (इन्फ्रारेड फोटोसाठी फोकस जुळवायची) बघितली. आठवालीत ती डेप्थ स्केलवरच्या (लेन्सच्या अंगावरच्या आकड्यांच्या पट्टीवरच्या) ४ च्या उजवीकडे असते, सातवालीत डावीकडे. माझी डावीकडे. मागची काचही आठवालीसारखी फुगीर नाही. म्हणजे वादाला जागाच नाही, असं मला वाटलं आणि साइटवर तक्रारीची केस उघडली.

विक्रेत्याला तसं वाटलं नाही. आधी म्हणे, "मला लेन्समधलं ओ की ठो कळत नाही, माळा आवरताना सापडली." ज्याला ओ की ठो कळत नाही त्याने '८ एलिमेंट' कुठून आणलं, असं विचारल्यावर सूर बदलला: "चौथ्या फोटोत खूण दिसते. बघून बोली लावायची होती." दिसते, खरं आहे. फोटो भरपूर मोठा केला तर. मग तिसरं: "'आहे तशी, रिटर्न नाही' असं लिहिलंय, वाचा." आणि सगळ्यात शेवटी गोडीगुलाबीने: "किमतीचा पाचवा हिस्सा परत देतो, लेन्सही ठेवा. फक्त आधी केस बंद करा, पैसे साइटच्या बाहेरून पाठवतो."

लिलाव संपता संपता माझी आणि दुसऱ्या एकाची जुंपली होती. दोघंही 'आठ'साठीच चढत गेलो, सातवालीला तेवढे पैसे कुणी देत नाही. त्यामुळे पाचवा हिस्सा म्हणजे तोंडाला पानं पुसणं वाटतंय.

विचारायचंय ते असं. 'फोटोत दिसत होतं' हे कारण साइट मान्य करेल का? 'रिटर्न नाही' लिहिलं की विषय संपतो का? केस चालू ठेवली तर तो मला वाईट फीडबॅक देईल का? आणि एक मित्र म्हणतो की अतिनील दिव्याखाली ठेवली की पिवळेपणा उतरतो. तेवढं तरी करून बघू का?

हातोडा_तीनदा

केस बंद करू नका. बाकीचं सावकाश वाचा, हे आधी.

बंद केलेली केस पुन्हा उघडत नाही. ईबेवर नाही, पेपॅलवरही नाही. ज्याला खरंच पैसे द्यायचेत त्याला ते केसच्या आतूनच देता येतात, बटण तिथेच असतं. मग बाहेरून कशाला, हे त्याला लेखी विचारा. उत्तर आलं तर इथे टाका, मलाही वाचायचंय.

मी जुने कॅमेरे आणि घड्याळांचे सुटे भाग विकतो, म्हणजे या भांडणात बहुतेकदा समोरच्या बाकावर असतो. तिथून दिसलेली गोष्ट सांगतो. केस बघणारा माणूस लेन्स बघत नाही. त्याला थोरियम ठाऊक नाही, लाल खूण ठाऊक नाही. लिस्टिंगमध्ये काय लिहिलं आणि पार्सलातून काय निघालं, एवढंच तो ताडून बघतो. 'विक्रेता खोटारडा आहे', 'माझा विश्वासघात झाला' ही वाक्यं तो गाळून वाचतो. तुमची तक्रार चार ओळींची हवी: शीर्षक ८ म्हणतं, वस्तू ७ आहे, ओळखायची खूण ही, तिचे फोटो हे.

पिवळेपणा तक्रारीत घालूच नका. घातलात की विक्रेता म्हणणार, "इतक्या जुन्या काचेला रंग चढणारच", आणि वाद आकड्यावरून रंगावर सरकणार. रंगावरून तुम्ही हरू शकता. आकड्यावरून हरणं कठीण आहे.

फोटोचं कारण अगदीच फुसकं नसतं. ओरखडा फोटोत दिसत असता आणि मजकूर त्याबद्दल गप्प असता, तर मी विक्रेत्याच्या बाजूने बोललो असतो. इथे मजकूर गप्प नाही, तो उलटंच सांगतोय. शीर्षक लिहिणारा तोच, फोटो चढवणारा तोच. दोन्ही जुळत नसतील तर निस्तरायचं त्यानेच.

'रिटर्न नाही' याचा अर्थ एवढाच, की घेणाऱ्याचं मन बदललं तर परत घेणार नाही. ईबेच्या मनी बॅक गॅरंटीत वस्तू वर्णनाशी जुळली नाही तर हे वाक्य टिकत नाही. तिथे ३० दिवसांत तक्रार करायची, विक्रेत्याला ३ कामाचे दिवस मिळतात, त्यानंतर साइटला मध्ये बोलावता येतं आणि परतीचं भाडं विक्रेत्याच्या माथी. तुमची साइट कोणती ते लिहिलं नाहीत, तर तिच्या मुदती आजच बघून ठेवा.

पेपॅलने पैसे दिले असतील तर तिथे डिस्प्यूट (विक्रेत्याशी वादाची नोंद) उघडायला १८० दिवस आहेत. खरी गोम पुढे आहे: उघडलेला डिस्प्यूट २० दिवसांत क्लेममध्ये (म्हणजे पेपॅलनेच निवाडा करावा अशा मागणीत) बदलला नाही तर आपोआप बंद होतो. मुरलेल्या विक्रेत्यांना हे पाठ असतं. "घरात आजारपण आहे, सोमवारी बघतो" करत करत २० दिवस कधी जातात कळत नाही. गोड बोलणाऱ्याशी जरूर गोड बोला, पण कॅलेंडर उघडं ठेवून. आणि दोन दारं एकदम ठोठावू नका. कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅक (व्यवहार उलटवून पैसे परत मागणं) टाकला की साइट आपली केस सहसा सोडून देते.

दिव्याला तर हातही लावू नका. पिवळेपणा उतरतो हे खरं, पण परत जाणारी वस्तू आली तशीच गेली पाहिजे. उजळलेली लेन्स पाठवलीत तर तो म्हणेल, ही माझी नव्हेच.

फीडबॅकचं म्हणाल तर ईबेने २००८ मध्येच विक्रेत्यांची खरेदीदाराला निगेटिव्ह द्यायची सोय काढून टाकली, कारण रिफंड मागणाऱ्यावर त्यातून सूड उगवला जायचा. तुमच्या साइटवर ती अजून असेल तर देईल बापडा. त्याखाली उत्तर लिहायची जागा असेलच.

फळीवरचा_माल

हातोडा यांच्याशी सहमत, पण विक्रेत्याची बाजूही कुणीतरी मांडायला हवी.

लिलावातला रिफंड दुकानातल्या रिफंडसारखा नसतो. दुकानदार परत आलेली वस्तू फळीवर ठेवतो, भाव तोच राहतो. लिलावातला भाव दोन माणसं त्या घटकेला भिडली म्हणून झालेला असतो. वस्तू परत येते तोवर दुसरा बोलीवाला दुसरीकडून घेऊन मोकळा झालेला असतो. पुन्हा लिलाव लावला की लोक विचारतात, पहिल्याने परत का केली? म्हणून आमच्यातले बरेच जण आधी थोडे पैसे देऊन मिटवू बघतात. दर वेळी त्यात डाव असतोच असं नाही. (केस बंद करायला लावणं मात्र डावच.)

खरेदीदारांचे डावही काही कमी नाहीत. जिंकल्याची नशा रात्रीत उतरते, मग कुठूनतरी एक ओरखडा सापडतो आणि मेसेज येतो: "इतके परत द्या, नाहीतर निगेटिव्ह." ईबेच्या नियमांत अशा धमकीला मनाई आहे, तरी येतात. त्याहून वाईट म्हणजे चांगला नग ठेवून घेऊन स्वतःकडचा खराब नग परत पाठवणारे. म्हणून मी पुढच्या रिंगवरचा सिरियल नंबर लिस्टिंगच्या फोटोत हमखास घेतो.

काचबिलोरी, तुमच्या लिस्टिंगमध्ये नंबर दिसतो का? दिसत असेल तर हातातल्या लेन्सशी जुळवा आणि दोन्ही फोटो शेजारी लावून आताच केसमध्ये टाका. "यानेच लेन्स बदलली" हे त्याचं पुढचं वाक्य असू शकतं.

मसुदाकार

कायद्याच्या अंगाने थोडंसं, युरोपपुरतं. युरोपीय संघात ऑनलाइन खरेदीतून १४ दिवसांत, कारण न देता माघार घेता येते. जिथे प्रत्यक्ष हजर राहून बोली लावता येते त्या जाहीर लिलावांना यातून सूट आहे, निव्वळ ऑनलाइन लिलावाला नाही. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने ईबेच्या बाबतीत हे २००४ मध्येच सांगितलं होतं. अट एकच: विक्रेता व्यावसायिक हवा. माळा आवरणारा खरंच माळा आवरणारा असेल तर हा हक्क नाही. त्याने आणखी काय काय विकलंय ते प्रोफाइलवर बघा. माळ्यातून चाळीस लेन्स निघाल्या असतील तर तो माळा नव्हे, गोदाम.

'आहे तशी' या शब्दांबद्दल: त्याच न्यायालयापुढे २०१२ मध्ये ईबेवर विकलेल्या एका जुन्या बोटीचा खटला होता. विक्रेता खासगी, हमी नाही असं स्पष्ट लिहिलेलं. वर्णन मात्र असं की बोटीने सहलीला जाता यावं. निघाली बुरशीने खराब झालेली. न्यायालयाचं म्हणणं पडलं की ज्या गुणाची वर्णनात कबुली दिली, तो हमी नाकारल्याने पुसला जात नाही. '८ एलिमेंट' ही तशीच कबुली आहे. खासगी विक्रेत्यालाही ती लागू होते, हे महत्त्वाचं.

काचबिलोरी

सगळ्यांचे आभार. नंबर तिसऱ्या फोटोत दिसतो आणि जुळतो. दोन्ही फोटो टाकले.

फळीवरचा_माल यांचं वाचून एक गोष्ट डोक्यात आली. 'चौथ्या फोटोत खूण दिसते' असं तो स्वतःच लेखी म्हणालाय. म्हणजे लिस्टिंग टाकली तेव्हाच लेन्स सातवाली होती, हे त्यानेच कबूल केलं. आता बदलल्याचा आरोप करायला तोंड कुठे आहे? त्याचा तो मेसेज तसाच्या तसा केसमध्ये डकवला. स्वतःचं भाष्य शून्य.

पाठवलेला मजकूर: 'शीर्षकात ८ एलिमेंट. मिळालेली लेन्स ७ एलिमेंटची, लाल खूण ४ च्या डावीकडे. सिरियल नंबर लिस्टिंगशी जुळतो. अंशतः रिफंड नको. वस्तू परत पाठवून पूर्ण रक्कम हवी.' पिवळेपणाचा उल्लेख नाही. बोटं शिवशिवत होती, पण नाही केला.

बाहेरून पैसे कशाला, याला उत्तर आलंच नाही. रिटर्न मात्र मान्य झाला.

हातोडा_तीनदा

छान. परतीचं लेबल केसमधलंच वापरा. मेसेजमध्ये तो दुसरा पत्ता देईल तर तिथे पाठवू नका, कारण पोचल्याचा पुरावा केसमधल्या पत्त्याचाच धरतात. पॅक करताना सिरियल नंबर दिसेल असा सलग व्हिडिओ घ्या, खोक्यावर लेबल चिकटेपर्यंत. दोन्ही टोप्या लावा, अ‍ॅपर्चरचं कडं हलणार नाही असं गुंडाळा. वाटेत फुटली तर नवं भांडण.

काचबिलोरी

लेन्स पोचली, ट्रॅकिंगवर सही दिसते. रिफंडही आला, पण येतानाचं कुरियर भाडं कापून. म्हणतो, "ते कुरियरवाल्याला गेलं, माझ्याकडे नाही." सोडून देऊ का?

हातोडा_तीनदा

का सोडायचं? तुमचं मन बदललं असतं तर ते भाडं तुमच्या अंगावर पडलं असतं. इथे वस्तू वर्णनाशी जुळली नाही. ईबेवर अशा वेळी येतानाच्या भाड्यासकट पूर्ण रक्कम परत येते. तुमच्या साइटच्या नियमात 'पूर्ण रक्कम' कशाला म्हटलंय ते बघा आणि ती ओळ उचलून केसमध्ये टाका: 'रक्कम अपुरी, पाठवणीचं भाडं बाकी.' सोबत परतीचा ट्रॅकिंग नंबर जोडा. केस अजून उघडी आहे ना?

काचबिलोरी

उघडी आहे. लिहितो आत्ताच.