मदत हवी आहे: आईच्या खुब्याच्या कपचा अँगल एक्सरेत १५ आणि सीटीत २१, खरा कुठला?

मीनल७: नमस्कार, जरा घाईत लिहितेय. आईचं हिप रिप्लेसमेंट झालंय आणि खुबा परत निखळला, भूल देऊन बसवावा लागला. एक्सरेवर मोजून डॉक्टर म्हणाले कपचा (खुब्यात बसवलेल्या कृत्रिम वाटीचा) कल ४३ आणि अँटीव्हर्जन (कप पुढे वळल्याचा कोन) १५, कप व्यवस्थित आहे. दुसऱ्यांनी सीटी करायला लावला, त्यात अँटीव्हर्जन २१ आलं. सहा डिग्रीचा फरक कसा पडतो? कुणाचं मोजमाप चुकलं? शुक्रवारी रिव्हिजनचं (परत ऑपरेशन करून भाग बदलण्याचं) सांगायचंय, प्लीज लवकर कळवा.

सह्यवारा: सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं केलं, आता देवळाच्या पायऱ्या चढतात. २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा आणली तेव्हापासून बराच फरक पडलाय, बिल नीट तपासून घ्या.

मीनल७: ताई, गुडघा नाही हो, खुबा. आणि बिलाचा प्रश्नच नाहीये.

एक्सरेवाला: मी रेडिओग्राफर आहे. एक्सरे झोपवून काढला की उभं करून? मधला किरण ओटीपोटाच्या (म्हणजे तिथल्या हाडांच्या, पेल्व्हिसच्या) मध्यावर होता की त्याच खुब्यावर? कपचं तोंड फिल्मवर लंबगोल दिसतं, त्याच्या रुंदीला लांबीने भागून साइन इन्व्हर्स काढला की अँटीव्हर्जन मिळतं. किरणाचा मध्य सरकला की लंबगोलच बदलतो. आणि नुसत्या समोरच्या फिल्मवरून कप पुढे वळलाय की मागे हे कळत नाही, लंबगोल दोन्हीकडे तसाच दिसतो. क्रॉस टेबल लॅटरल (झोपवून बाजूने घेतलेला एक्सरे) काढलाय का?

कोकणकडा: कशाला एवढा काथ्याकूट, सीटी असताना एक्सरे बघायचाच कशाला? २१ धरा. आणि पुढचं ऑपरेशन रोबोटवाल्याकडेच करा, माझ्या भावाचं तसंच केलंय, कप एकदम परफेक्ट.

एक्सरेवाला: असं सरसकट नाही म्हणता येत. सीटीत पेशंट आडवा असतो, बाई खुर्चीत बसल्यावर ओटीपोट कसं फिरतं ते त्यात दिसतच नाही.

अस्थिमित्र: ऑर्थोपेडिक्स करतो. मीनलताई, बहुतेक कुणाचंच चुकलेलं नाही. अँटीव्हर्जन तीन तऱ्हांनी मोजतात, मरे यांनी १९९३ मध्ये त्या व्याख्या वेगळ्या करून मांडल्या. एक्सरेवरचं रेडिओग्राफिक, सीटीच्या आडव्या कापावरचं अ‍ॅनाटॉमिक, आणि टेबलावर सर्जन धरतो ते ऑपरेटिव्ह. अ‍ॅनाटॉमिक २१ आणि कल ४५ असेल तर साइन २१ गुणिले साइन ४५ म्हणजे ०.२५, त्याचा कोन साधारण १५. कलसुद्धा तसाच बदलतो, अ‍ॅनाटॉमिक ४५ चा एक्सरेवर ४३ होतो. म्हणजे तुमचे दोन्ही आकडे एकाच कपचे. फक्त रेडिओलॉजिस्टना विचारा की २१ आडव्या कापावर मोजलंय ना. आता सांगा, किती वेळा निखळला आणि काय करताना? कंबरेचं ऑपरेशन झालंय का?

मीनल७: खूप आभार, हे कुणीच समजावलं नव्हतं! दोनदा, दोन्ही वेळा खोल सोफ्यावरून पुढे वाकून उठताना. एक्सरे झोपवून काढला होता. मणक्यात स्क्रू आहेत, जुनं ऑपरेशन आहे, पण त्याचा खुब्याशी काय संबंध?

कोकणकडा: बघा, सोफा! भारतीय संडास बंद करा, कमोडवर उंच सीट लावा, बाकी काही नको.

अस्थिमित्र: उंच सीट लावाच, पण बाकी काही नको हे चूक आहे. मणक्याचे स्क्रू ही तुम्ही सांगितलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. बसताना ओटीपोट मागे कलतं त्यामुळे कपचं तोंड पुढून उघडतं आणि मांडी वर यायला जागा होते. ओटीपोट १ डिग्री कललं की अँटीव्हर्जन साधारण ०.७ ने बदलतं. कंबर जखडलेली असेल तर हे होत नाही, स्टेमची (मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्याची) मान कपच्या पुढच्या कडेला अडते आणि बॉल मागून निसटतो. खोल सोफ्यावरून वाकून उठताना नेमकं हेच होतं.

एक्सरेवाला: पण सर, कल ४३ आणि १५ म्हणजे सेफ झोनमध्येच आहे ना?

अस्थिमित्र: हो, ल्युइनेक यांचा १९७८ चा, कल ४० आणि अँटीव्हर्जन १५, दोन्हीकडे १० ची सूट. पण तो ३०० खुब्यांवर बेतलेला आणि त्यात निखळलेले फक्त ९. झोनच्या आत असूनही निखळणारे पुष्कळ असतात, त्यामुळे एवढ्यावरून कप बरोबर म्हणणं मला पटत नाही. मीनलताई, शुक्रवारच्या आधी बाजूने दोन एक्सरे मागा, एक उभं राहून, एक बसून, दोन्हीत कंबर आणि खुबा दिसायला हवा.

मीनल७: उद्याच विचारते. मणक्याची फाईल भावाकडे आहे, कुठल्या मणक्यांपर्यंत स्क्रू आहेत ते बघून रात्री लिहिते.

अस्थिमित्र: सीटीत गुडघ्याजवळचे कापही घेतलेत का तेही बघा. त्याशिवाय स्टेम किती वळलाय ते मोजता येत नाही, आणि कप नि स्टेमच्या अँटीव्हर्जनची बेरीज साधारण २५ ते ५० मध्ये लागते. घेतले नसतील तर कप बदलायचा की स्टेम हे शुक्रवारी ठरवू नका.