शब्दचर्चा : ‘धर्मगुरू’, ‘धर्मशिक्षक’ की नुसतेच ‘गुरुजी’?

भाषांतरी
मलेशियातील केलांतान राज्याचे माजी मुख्यमंत्री निक अब्दुल अझीझ निक मत (१९३१–२०१५) यांच्या कारकिर्दीवर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिला आहे. पहिल्याच वाक्यात मी त्यांना ‘धर्मशिक्षक’ म्हटले होते. संपादकांनी तो शब्द खोडून ‘मुस्लिम धर्मगुरू’ असे केले आणि वाचकाला हाच शब्द ओळखीचा आहे, असे कळवले. मला तो पटत नाही. हा माणूस देवबंदच्या दारुल उलूममध्ये पाच वर्षे शिकला, पुढे लाहोरला आणि कैरोच्या अल-अझहर विद्यापीठात गेला, मायदेशी परतल्यावर शाळेत शिकवू लागला आणि १९६७च्या पोटनिवडणुकीत ‘पास’ या इस्लामी पक्षातर्फे संसदेत पोहोचला. तिकडे त्यांना सर्रास ‘तोक गुरू’ म्हणत. ‘तोक’ हे आजोबांसाठीच्या ‘दातुक’ या शब्दाचे लाडके, आदराचे रूप आहे. मराठीत यासाठी नेमके काय लिहावे?

खाडीकाठचा
‘धर्मगुरू’ला माझाही विरोध आहे. सुन्नी परंपरेत दीक्षा देणारा, पापाची कबुली ऐकणारा असा पुरोहितवर्ग नाही. विद्वत्ता असते, आणि ती ज्याच्याकडे असते तो आलिम. देवबंदहून शिकून आलेल्यांपैकी बरेच जण आपल्याकडे नावापुढे ‘कासमी’ लावतात आणि लोक त्यांना मौलाना म्हणतात. तेव्हा सरळ ‘मौलाना’ लिहावे. निक अझीझ यांना तिकडे ‘उस्ताझ’ही म्हणत, म्हणजे आपला उस्तादच, पण आपण त्याचा ‘वस्ताद’ करून तालमीत नेऊन बसवला, आणि राजकारण्याला वस्ताद म्हटले तर वाचक भलताच अर्थ घेईल.

शब्दशुद्धी
मौलाना, आलिम, उस्ताद अशी रांग लावण्याआधी घरात काय आहे ते पाहावे. ‘आचार्य’ हा शब्द शिकवणारा आणि शिकवलेले आचरणारा अशा दोन्ही अर्थांनी चालतो, आणि आचार्य जावडेकरांपासून आचार्य अत्र्यांपर्यंत राजकारणात वावरलेल्यांना तो मराठीने लावलेलाही आहे. मलेशियातील माणसासाठी उत्तर भारतातून ‘मौलाना’ उसना आणण्याचे कारण मला समजत नाही.

खाडीकाठचा
आचार्य निक अब्दुल अझीझ! छापून पाहा, म्हणजे समजेल. शब्द घरातला असला तरी ज्याला घालायचा त्याच्या अंगाला तो बसला पाहिजे.

मलायवाचक
घर कोणाचे, हाच प्रश्न येथे गमतीचा आहे, कारण मलाय भाषेने ‘गुरू’ आपल्याकडूनच, म्हणजे संस्कृतातून, घेतला आणि त्याला पार जमिनीवर आणले. तेथे गुरू म्हणजे शाळामास्तर. गणिताचाही गुरू आणि व्यायामाचाही गुरू. धर्माला ‘आगामा’ म्हणतात, तोही आपलाच आगम. म्हणून ‘गुरू आगामा’ म्हणजे धर्म हा विषय शिकवणारा शिक्षक. अर्थाचे घटक तेच, फक्त क्रम उलटा, तो ‘धर्मगुरू’ मात्र मराठीत पोपपासून शंकराचार्यांपर्यंत कोणालाही लागतो. ‘तोक गुरू’ ही पदवी मुख्यतः ‘पोंदोक’ चालवणाऱ्या वडीलधाऱ्या शिक्षकाची. पोंदोक म्हणजे गुरूच्या घराभोवती विद्यार्थ्यांच्या झोपड्या असलेली निवासी शाळा. निक अझीझ यांच्या वडिलांचीही पुलाऊ मलाका गावी अशी शाळा होती. (हे गाव केलांतानची राजधानी कोता भारूजवळ आहे. ‘पुलाऊ’ म्हणजे बेट, तेव्हा संपादक त्याचे ‘मलाक्का बेट’ करणार नाहीत, यावर लक्ष ठेवा.)

माझे मत ‘गुरुजी’ला. साने गुरुजी अमळनेरची शिक्षकाची नोकरी सोडून १९३०च्या चळवळीत उतरले, तुरुंगात गेले, पण लोकांच्या तोंडचे ‘गुरुजी’ काही गेले नाही. निक अझीझ यांचेही तसेच आहे. १९९० ते २०१३ अशी सलग २२ वर्षांहून अधिक काळ ते राज्य सरकारचे प्रमुख होते. तरी सरकारी निवासस्थान न घेता आपल्या गावच्या लाकडी घरातच राहिले आणि शुक्रवारी सकाळचे प्रवचन त्यांनी सोडले नाही. केलांतानात शुक्रवार सुट्टीचा. पक्षाच्या जुन्या कार्यालयासमोरच्या रस्त्यावर बायामाणसे वर्तमानपत्रे अंथरून बसत आणि मुख्यमंत्री ठेठ केलांतानी बोलीत कुराणातील एखाद्या आयतीचा अर्थ सांगता सांगता केंद्र सरकारलाही चिमटे काढत. तो तास धर्माचा होता की राजकारणाचा, हे समोर बसलेल्यांनाही वेगळे करून सांगता आले नसते.

शब्दशुद्धी
‘गुरुजी’ म्हटल्यावर अर्ध्या महाराष्ट्राला सत्यनारायण सांगणारे भटजी आठवतील आणि उरलेल्यांपैकी काहींना गोळवलकर. मग ‘आचार्य’ने काय पाप केले?

भाषांतरी
‘गुरुजी’ला माझी हरकत नाही, पण त्याने अर्धेच काम होते. १९९१ पासून अखेरपर्यंत ते पक्षाचे ‘मुर्शिदुल आम’ होते. संपादकांनी त्याचे ‘पक्षप्रमुख’ केले आहे.

जुनावार्ताहर
ते सपशेल चूक आहे, आणि आपल्याकडे त्या शब्दाला शिवसेनेचा वास येतो तो वेगळाच. निक अझीझ ‘पास’चे अध्यक्ष कधीच नव्हते, त्या काळात आधी फादझिल नूर आणि २००२ पासून अब्दुल हादी अवांग अध्यक्ष होते. १९८२ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष अस्री मुदा यांना पायउतार व्हावे लागले, तेव्हा पक्षाचा मलाय राष्ट्रवादाकडचा कल मागे पडून उलेमांचे नेतृत्व हे तत्त्व ठरले आणि अध्यक्षाच्याही वर उलेमांचे सल्लागार मंडळ आले. त्या मंडळाचा प्रमुख तो मुर्शिदुल आम. ‘आध्यात्मिक नेता’ म्हटले की भजन-ध्यान करणारा वाटतो. येथे तर पक्षाच्या धोरणावर शेवटचा शब्द असणारा माणूस आहे. मी ‘सर्वोच्च मार्गदर्शक’ लिहीन.

खाडीकाठचा
‘उलेमांचे’ हे रूप खटकते. उलेमा हे आलिमचे अनेकवचन आहे. त्यावर पुन्हा मराठी अनुस्वार कशाला?

जुनावार्ताहर
कारण मी मराठी लिहितो, अरबी नव्हे. शब्द एकदा आपल्या विभक्तीत आला की त्याला आपले व्याकरण लागते.

शब्दशुद्धी
येथे मी चक्क जुनावार्ताहर यांच्या बाजूने आहे. मात्र ‘इस्लामी पक्ष’ हे मोघम वाटते. ‘मुस्लिम पक्ष’ का नको?

मलायवाचक
कारण मलाय लोक घटनेनुसारच मुस्लिम असतात, त्यामुळे मलायांचा पक्ष असलेली ‘अम्नो’सुद्धा त्या अर्थाने मुस्लिमच ठरेल. ‘पास’चा दावा राज्य इस्लामनुसार चालवण्याचा होता. निक अझीझ यांच्या सरकारने १९९३ मध्ये हुदूद, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राने ठरवून दिलेल्या, शिक्षांचा कायदा विधानसभेत संमत करून घेतला. फौजदारी कायदा घटनेने केंद्राकडे ठेवल्यामुळे तो अमलात आला नाही. मुद्दा समाजाच्या प्रतिनिधित्वाचा नसून राज्याच्या स्वरूपाचा होता, म्हणून ‘इस्लामवादी’ म्हणणे अधिक नेमके.

खाडीकाठचा
‘-वादी’ लावले की शिवी होते. ज्या पक्षाच्या नावातच इस्लाम आहे, त्याला इस्लामी म्हणावे. शिवाय ‘इस्लामवादी’ म्हणताच २००८ मध्ये तो मुख्यतः चिनी मतदारांच्या ‘डीएपी’ या पक्षाबरोबर आघाडीत कसा नांदला, हे सांगायला तुम्हाला आणखी एक परिच्छेद लागेल.

मलायवाचक
तो परिच्छेद लेखात असायलाच हवा, कारण त्या आघाडीचे समर्थन करणाऱ्यांत स्वतः निक अझीझ पुढे होते आणि अम्नोशी हातमिळवणीला त्यांचा कडवा विरोध होता. ‘-वादी’ म्हणजे शिवी, हे मला मान्य नाही; गांधीवादी, समाजवादी हे शब्द आपण काय शिव्या म्हणून वापरतो?

भाषांतरी
संपादकांना आज मजकूर परत पाठवायचा आहे. पहिल्या वाक्यासाठी कोणी काही ठरवले आहे का?

शब्दशुद्धी
आचार्य.

जुनावार्ताहर
तिकडच्या पदासाठीही ‘मुख्यमंत्री’ लिहू नका. सुलतान असलेल्या राज्यांत ‘मेंतरी बसार’ असतो, शब्दशः थोरला मंत्री, आणि सुलतान नसलेल्या पिनांग-मलाक्क्यात वेगळे पद आहे. यावर खरे तर निराळा धागा काढायला हवा.