मदत हवी आहे: धनेशाच्या जोडीने ढोली पक्की केलीये का ते कसं ओळखायचं? रविवारी फांदी तोडणार आहेत

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय आणि लांबणारे, पण प्लीज शेवटपर्यंत वाचा.

आम्ही एरंडवण्यात राहतो, जुनी सोसायटी, तिसरा मजला. गॅलरीसमोर पर्जन्यवृक्षाचं मोठ्ठं झाड आहे. त्याची पार्किंगवर आलेली एक जाड फांदी बऱ्याच वर्षांपूर्वी पावसात मोडली होती, तिचा जो खुंट राहिला त्यात आता खोल ढोली झालीये. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घार ओरडल्यासारखा आवाज आला म्हणून बाहेर आले तर राखी धनेश! एक नाही, दोन. तेव्हापासून रोज येतायत, साधारण साडेसहा ते आठच्या मधे, मग एकदम दुपारी चारनंतर.

ज्याच्या चोचीवरचं शिंग मोठं आहे तो नर असं मी धरून चाललेय. तो ढोलीच्या कडेला लटकतो, डोकं आत घालतो, आतला सुका कचरा बाहेर टाकतो. मादी वरच्या फांदीवर बसून नुसती बघत असते. मग तो तिच्याजवळ जाऊन घशातून उंबर काढून तिला भरवतो, एकेक करून, आणि ते बघताना मी आणि आई दोघी चहा विसरतो. पहिले चारपाच दिवस ती ढोलीकडे फिरकलीच नाही. मग एकदा नुसतं डोकावली. परवा मात्र खांद्यापर्यंत आत गेली, आतून ठकठक आवाज आला, बाहेर येऊन चोच फांदीला घासली आणि सरळ उडून शेजारच्या बंगल्यातल्या शिरीषाकडे गेली, तिथेही एक भोक आहे आणि तेही दोघं बघून येतात. वर पोपटांची एक जोडी याच ढोलीवर डोळा ठेवून आहे, रोज भांडणं. त्यामुळे यांचं नक्की ठरलंय की अजून घरं बघणंच चाललंय ते कळत नाहीये.

आता अडचण. पावसाळ्याआधीच्या छाटणीत हा खुंट बुडापासून काढायचं कमिटीत ठरलंय, परवानगीही आलीये, तारीख पुढचा रविवार. त्यांचंही चूक म्हणत नाही, खाली गाड्या असतात, मुलं खेळतात. पण मी विषय काढला तर "घरटं कुठाय दाखवा" म्हणाले, आणि दाखवायला काड्यांचं घरटं नसतंच ना यांचं. सांगू काय त्यांना? अजून एक, आई म्हणते गॅलरीत पपई ठेवूया, ठेवू का?

प्रतिसाद

ताई, पपई नको, पाणी ठेवलंत तर ठीक. त्यांना उंबर, पिंपळ, चंदन, अगदी बिट्टीची फळंसुद्धा चालतात, पुण्यात खायला मिळतं, मिळत नाही ती ढोली. एवढी चोच असून धनेश सुतारासारखं लाकूड कोरत नाही, त्याला तयार पोकळी लागते, तीही तोंड लिंपून बंद करता येईल अशी. जुनी झाडं आणि मोडके खुंट गेले की संपलं.

तुम्ही लिहिलंय त्यावरून पसंती जवळपास झालीये असं वाटतं, कारण शेवटचा शब्द मादीचा असतो आणि ती आत जाऊन ठोकून बघायला लागलीये. आता दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. नर चोचीत माती आणतो का, आणि मादी दिसायची बंद होऊन नर एकटाच ढोलीपाशी फेऱ्या मारतो का. मादी आत बसली की स्वतःची विष्ठा आणि माती वापरून तोंड लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते आणि आत असताना उडायची पिसं गाळते. म्हणजे तेव्हा करवत चालली तर तिला उडून जाताच येणार नाही. हे कमिटीला याच शब्दांत सांगा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घरट्याला किंवा अंड्यांना धक्का लावणं हे शिकारीतच धरलंय, छाटणीची परवानगी असली तरी. महापालिकेच्या उद्यान विभागाला आणि वनखात्याला आजच लेखी द्या. आणि एक विचारा, धनेश तीच ढोली पुन्हा वापरतात, मागच्या वर्षी त्या फांदीखाली बिया आणि घाण पडत होती का?

अपडेट (मूळ धागा माझाच)

खूप खूप आभार! शेवटचा प्रश्न वाचून तशीच खाली गेले आणि वॉचमनकाकांना विचारलं. ते म्हणाले, हो तर, गेल्या मे महिन्यात त्या कोपऱ्यातल्या स्कूटरवर रोज बिया आणि विष्ठा, झाडून झाडून कंटाळलो, बिट्टीच्या बिया कुठून येतात तेच कळेना कारण आपल्या आवारात बिट्टीचं झाडच नाही. म्हणजे गेल्या वर्षी आमच्या डोक्यावर पिल्लं वाढत होती आणि आम्ही गाडी पुसत होतो!

काकांना घेऊनच सेक्रेटरींकडे गेले. त्या स्कूटरवाल्यांनीही आठवण दिली. खालच्या दोन गाड्या हलवून दोरी बांधायची आणि खुंट पाऊस सुरू होईपर्यंत ठेवायचा यावर ते तयार झालेत, फक्त "आधी पक्षी आत आहे याची खात्री द्या" म्हणतायत. पत्रं दोन्हीकडे दिली, पोच घेतली.

आज सकाळी नर चोचीच्या टोकात काहीतरी काळपट घेऊन आला आणि मादी ढोलीच्या तोंडाशी होती. फळ होतं की मातीची गोळी, मोबाईलच्या झूमवर कळलं नाही. एरंडवणे, डेक्कन, कर्वेनगर भागात कुणाकडे चांगली दुर्बीण असेल आणि उद्या सकाळी साडेसहाला येता येईल तर प्लीज मेसेज करा. गॅलरीतून दिसतं, झाडाखाली थांबायची गरज नाही.