'सार्वजनिक निधी' म्हणजे नक्की कोणाचा पैसा?

मूळ प्रश्न (वडोदरा)

आमच्या मंडळात मुलांची वादविवाद स्पर्धा आहे. कोटंबीला बडोदा क्रिकेट असोसिएशनचं नवं स्टेडियम झालं, 2024 च्या डिसेंबरात तिथे भारत आणि वेस्ट इंडिजच्या महिला संघांचे आंतरराष्ट्रीय सामने झाले, तेव्हापासून इथल्या पोरांच्या तोंडी दुसरा विषय नाही. म्हणून विषयही तोच धरला: शहराने स्टेडियमला पैसा द्यावा का? कोटंबी असोसिएशनने बांधलं, ती गोष्ट वेगळी. परदेशात मात्र यावर मोठे वाद होतात.

नातीने फलकावर लिहिलं, 'स्टेडियमसाठी सार्वजनिक निधी: योग्य की अयोग्य?' मी तिथेच अडलो. 'सार्वजनिक' म्हटलं की मला गणपती दिसतो. दारोदार फिरायचं, पावती फाडायची, ज्याला द्यायचं नसेल तो देत नाही, आणि विसर्जनानंतर जमाखर्च सगळ्यांसमोर वाचायचा. महापालिकेचं वेराबिल, म्हणजे कराचं बिल, तसं नसतं, ते भरावंच लागतं. मग त्या पैशाला सार्वजनिक कसं म्हणायचं? मी 'सरकारी पैसा' सुचवलं. नात म्हणाली, "आजोबा, सरकारी म्हटलं की तो सरकारचाच वाटतो, आपला वाटत नाही." तेही पटलं. जाणकारांनी सांगावं.

पुण्याहून

काका, 'सार्वजनिक' शब्दाला वर्गणीचा वास आहे हे कबूल, पण तेवढाच अर्थ नाही. सार्वजनिक बांधकाम खातं कुठे पावत्या फाडतं? 1870 ची सार्वजनिक सभा, सार्वजनिक वाचनालय, सार्वजनिक नळ. या सगळ्यांत समान गोष्ट एवढीच की ते सर्वांचं किंवा सर्वांसाठी आहे. पैसा कुठून आला हे तो शब्द सांगत नाही. त्यामुळे नातीचं चुकलं नाही.

मूळ प्रश्नकर्ता

मग माझी अडचण वाढली. नळावर कोणीही पाणी भरू शकतो. स्टेडियमच्या फाटकावर तिकीट लागतं, आणि सामना नसेल त्या दिवशी फाटकाला कुलूप. कराच्या पैशातून बांधलेलं स्टेडियम 'सार्वजनिक' आहे का, हाच तर वादाचा मुद्दा. फलकावरच 'सार्वजनिक' लिहिलं तर निम्मा वाद आधीच निकालात निघाला. अनुकूल बाजूच्या मुलांना फुकटचा गुण.

कोल्हापूरहून

तुमचं 'वेराबिल' वाचून गंमत वाटली. पुण्यामुंबईचे लोक घरपट्टी म्हणतात, आम्ही घरफाळा म्हणतो. आमच्या महापालिकेत घरफाळा विभागच आहे. गुजरातीत 'फाळो' आहे ना?

मूळ प्रश्नकर्ता

आहे, आणि अर्थ अगदी उलट! इथे 'लोकफाळो' म्हणजे लोकांनी आपखुशीने दिलेला वाटा, आपली लोकवर्गणी. शाळेची खोली बांधायची, गावात काही उभारायचं, की फाळो गोळा करतात. एकाच शब्दाचे दोन भाऊ: कोल्हापुरात सक्तीचा, बडोद्यात ऐच्छिक. दोन्हीकडे मूळ अर्थ 'ज्याच्या त्याच्या वाट्याचा भाग', म्हणूनच फाळणीही त्याच घरातली. शेजारच्या गुजराती मुलाला 'स्टेडियमसाठी फाळा' सांगितलं तर तो खिशातून दहाची नोट काढेल, कोल्हापूरचा मुलगा बिलाची तारीख विचारेल.

इंदूरहून

दादा, आमच्या माळव्यात या भेदाला फार जुने शब्द होते. होळकरांच्या राज्यात दोन तिजोऱ्या: 'खासगी' आणि 'दौलत'. दौलत म्हणजे राज्याची, फौज आणि कारभार तिच्यावर चालायचा. खासगी म्हणजे राणीची स्वतःची. अहिल्याबाईंनी देशभर घाट, देवळं, धर्मशाळा बांधल्या त्या खासगीतून. भक्ती त्यांची, तर खर्चही त्यांचा. आजही इंदुरात 'खासगी' हे नाव त्यांच्या दानधर्माच्या ट्रस्टला लागलेलं आहे. तुमच्या बडोदा संस्थानातही राजवाड्याचं खानगी खातं राज्याच्या खजिन्याहून वेगळं होतंच.

म्हणून मला वाटतं, 'सरकारी की सार्वजनिक' यापेक्षा 'खासगीतून की दौलतीतून' हा प्रश्न जास्त नेमका आहे. संघाचा मालक खासगीतून बांधणार असेल तर कोणाचीच हरकत नाही. दौलतीतून मागत असेल तर दौलत कोणाची, हे विचारायलाच हवं. आता राजा नाही, तेव्हा ती वेराबिल भरणाऱ्याची. अर्थात मुलांना 'दौलत' म्हटलं की श्रीमंतीच आठवेल, हे खरं.

न्यू जर्सीहून

मी मूळची बडोद्याच्या रावपुऱ्यातली. इकडे या वादात जो शब्द सतत ऐकू येतो त्याला आपण मराठीत 'अनुदान' म्हणतो. माझा त्या शब्दावर राग आहे, काका, आणि तुम्ही तो फलकावर येऊ देऊ नका. त्यात 'दान' आहे. देणारा उदार, घेणारा गरजू, असं चित्र उभं राहतं. अनुदानित शाळेला ते शोभतं. इथे घेणारा अब्जाधीश संघमालक असतो.

बफेलोजवळच्या नव्या फुटबॉल स्टेडियमसाठी न्यूयॉर्क राज्याने 60 कोटी आणि ईरी काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, 25 कोटी डॉलर कबूल केले. याउलट कॅन्सस सिटीच्या जॅक्सन काउंटीत 2 एप्रिल 2024 ला लोकांना थेट मत विचारलं: दोन संघांच्या स्टेडियमांसाठीचा विक्रीकर पुढे 40 वर्षं चालवायचा का? सुमारे 58 टक्के लोक 'नाही' म्हणाले. सेंट लुइसचं दुखणं आणखी वेगळं. फुटबॉल संघ 2016 मध्ये लॉस एंजेलिसला निघून गेला, आणि त्याच्यासाठी बांधलेल्या डोमचं कर्ज लोक त्यानंतरही फेडत राहिले. याला दान म्हणायचं?

कर्जरोख्यांचं तर बहुतेकांना कळतही नाही. शहर कर्जरोखे काढतं, त्यावरच्या व्याजाला केंद्राचा प्राप्तिकर बऱ्याचदा माफ असतो. जो कर आलाच नाही तो खर्चाच्या रकान्यात दिसत नाही, पण पैसा गेलेला असतो. आपल्याकडे 'सूट' हा शब्द आहे, पण दुकानातल्या सेलने तो गोड करून टाकला.

एक शब्दाची गोष्ट, तुमच्या नातीला आवडेल. माँट्रियलचं 1976 च्या ऑलिंपिकचं स्टेडियम. गोल आकारामुळे लोक त्याला 'बिग ओ' म्हणत. कर्ज फिटेना, त्यासाठी तंबाखूवर वेगळा कर बसला, आणि ते फिटलं 2006 मध्ये. दरम्यान लोकांनी उच्चार तोच ठेवून स्पेलिंग बदललं, 'O' च्या जागी 'Owe', आणि त्याचा अर्थ झाला 'मोठं देणं'. तीस वर्षांचा हिशेब एका शब्दात.

पुण्याहून

ताई, 'अनुदान'बद्दल पटलं. काका, मीही 'सार्वजनिक' मागे घेतो. 'करदात्यांचा पैसा' कसं वाटतं? फक्त त्यात प्राप्तिकर भरणारेच करदाते असा समज होतो. बिस्किटाच्या पुड्यावर कर देणारं पोरही करदातं आहेच.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. याच बडोद्याने 1931 साली सयाजीराव महाराजांच्या काळात राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश छापला, तेव्हा इथे सैल शब्द वापरायला मला खरोखर लाज वाटते. रात्री नातीशी बसलो. 'करदात्यांचा' तिने खोडलं, कारण पुण्याचे म्हणाले तेच: "मी पण कर देते." 'निधी' खोडलं, तो आकाशातून पडल्यासारखा वाटतो म्हणाली. फलक असा झाला:

'स्टेडियम बांधायला आपल्या कराचा पैसा द्यावा का?'

खाली कंसात, इथल्या मुलांसाठी, 'वेऱ्याचा'. न्यू जर्सीच्या ताई, माँट्रियलची गोष्ट तिने प्रतिकूल बाजूसाठी मागून घेतली आहे. अनुकूल बाजूकडे अजून तेवढी जोरदार गोष्ट नाही. कोणाकडे असेल तर द्या, सामना एकतर्फी व्हायला नको.