सुकवलेलं सावरडो विरजण जागं होत नाहीये

सनीव्हेलहून (कॅलिफोर्निया), रविवार रात्री

नमस्कार मंडळी,
टेक्सासला जाताना मैत्रिणीने सुकवलेल्या सावरडो स्टार्टरचे, म्हणजे आंबट ब्रेड फुगवणाऱ्या पिठाच्या विरजणाचे, पापुद्रे पुडीत बांधून दिले. चार वर्षं जपलेलं विरजण आहे तिचं. गुरुवारी पापुद्रे कोमट पाण्यात भिजवले, विरघळल्यावर मैदा घातला. शुक्रवारी बरणी फेसाने भरली, मी खूश. शनिवारपासून एक बुडबुडा नाही आणि वास कुबट. आई फोनवर म्हणाली, टाकून दे. मला टाकवत नाही. कुणी वाचवलंय का असं?

फ्रीमाँटहून

अगं, टाकू नकोस! शुक्रवारचा फेस बहुतेक यीस्टचा नव्हताच. पिठातले काही जिवाणू पाणी लागताच आधी उठतात. त्यात ल्युकोनोस्टॉकही असतात, आपलं इडलीचं पीठ फुगवणारे. आंबटपणा वाढला की ते मागे सरतात. पापुद्र्यांतल्या यीस्टला मात्र सावरायला तीन-चार दिवस, थंडीत आठवडाही लागतो. मधल्या या शांततेलाच घाबरून लोक चांगली विरजणं सिंकमध्ये ओततात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

काटा काढ, वाटीचमच्याने मोजू नकोस. 20 ग्रॅम विरजण ठेव, बाकीचं काढ, त्यात 20 ग्रॅम पाणी आणि 20 ग्रॅम पीठ. पिठात निम्मी कणीक घाल, कोंड्यामुळे जोर येतो. बरणीला रबरबँड लावून पातळी खूण कर. निवांत असेल तर चोवीस तासांनी असंच पुन्हा खाऊ घाल, बुडबुडे दिसू लागले की दर बारा तासांनी.

आणि ऊब! जानेवारीत आपली घरं 17-18 अंशांवर असतात, त्याला 25 च्या आसपास हवं. बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेव, पण ओव्हनच्या बटणावर चिठ्ठी चिकटव. माझ्या घरी पिझ्झासाठी कुणीतरी ओव्हन तापवला आणि आठ वर्षांचं विरजण गेलं. त्या दिवशी मी रडले होते.

वर करडं पाणी आलं तर ती भूक लागल्याची खूण, ते पाणी ओतून टाक. गुलाबी किंवा केशरी रेघ वा बुरशी दिसली, तर मात्र सगळंच टाकायचं.
— काकू

सॅन फ्रान्सिस्कोहून

काकूंच्या सांगण्यात पाण्याचं एक जोडतो. 2004 पासून इथल्या नळाच्या पाण्यात क्लोरामाइन हे जंतुनाशक असतं आणि पेनिन्सुलापासून तुमच्याकडच्या बऱ्याच गावांना तेच पाणी येतं. क्लोरीन रात्रभर उघडं ठेवून उडतं, हे तसं उडत नाही. अशक्त विरजणाला पहिले काही दिवस कार्बन फिल्टरचं पाणी द्या.

याच खाडीपलीकडच्या अल्बनीतल्या सरकारी प्रयोगशाळेत क्लाइन आणि सुगिहारा या शास्त्रज्ञांनी इथल्या ब्रेडला आंबट करणारा जिवाणू ओळखला. 1971 साली तो लॅक्टोबॅसिलस सॅनफ्रान्सिस्को या नावाने प्रसिद्ध झाला. नाव आपल्या शहराचं, पण तो युरोपातल्या विरजणांतही सापडतो. हे वाचल्यापासून मी बरणीकडे जास्त आदराने बघतो.

सनीव्हेलहून, पुढच्या शनिवारी

काकू, उठलं! मंगळवारी बारीक बुडबुडे, गुरुवारी दीडपट, आज पाच तासांत दुप्पट. वास ताकासारखा. आईला व्हिडिओवर दाखवलं, ती बघतच राहिली. काढलेल्या पिठात बेसन, कांदा, कोथिंबीर घालून रोज धिरडी झाली. उद्या ब्रेड करू का?

फ्रीमाँटहून

शाब्बास! अजून दोनदा असंच दुप्पट होऊ दे, मग ब्रेड. पुढे फ्रीजमध्ये ठेवलंस तर आठवड्यातून एकदा खाऊ घाल. आजच थोडं फुललेलं विरजण बेकिंग कागदावर पातळ पसर आणि ओट्यावरच कडकडीत वाळव, ओव्हनच्या आचेवर नको. चुरून कोरड्या बरणीत भर. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पाच-सहा पुड्या घेऊन ये, माझ्याकडे तिघी मागतायत.