एकच पलटा (स्वरांचा सराव) तीन महिने. बाई जास्तच कडक आहेत का?

प्रश्न (फोंडा तालुका)
मुलगी चौदाची, गावातल्याच बाईंकडे गाणं शिकते. श्रावणापासून भूप रागातलं तेच: सारेग, रेगप, गपध, पधसां. पाऊस असो, बस चुको, साडेसहाला दारात हजर पाहिजे. परवा ‘सा लागत नाही, बंदिशीचं नाव काढू नकोस’ म्हणून चक्क घरी पाठवलं. पोर रडली. आणि दुसऱ्या दिवशी पाचला उठून आपणहून तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून बसली! शाळेसाठी हिला उठवताना माझा जीव जातो. पुढच्या वर्षी दहावी. थांबवू का?

उत्तर १
अजिबात नको. मी तबल्यावर सहा महिने नुसतं तिरकिट घासलं. सरांची शाबासकी एकदाच मिळाली, तीही ‘बरं, उद्या ये.’ घरी येऊन आईला चारदा सांगितलं.

उत्तर २
केरीच्या गायिका केसरबाई केरकर आठवा. अल्लादिया खाँसाहेबांची तालीम वर्षानुवर्षं घेतली. १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेलेली भैरवी त्यांचीच.

उत्तर ३
केसरबाई ठीक, पण ही पोर आहे. बाई चूक दाखवतात की पाणउतारा करतात, ते एकदा बाहेर बसून ऐका. घसा बसत असेल तर लगेच बोला.

प्रश्नकर्ती
काल ओट्यावर बसून ऐकलं. चाळीस मिनिटं फक्त सा. शेवटी बाई म्हणाल्या, ‘आता जरा लागला.’ पोर घरापर्यंत उड्या मारत आली. दहावीचं बघू.