गिंप नवीन आहे, सुरुवात कुठून करू?

जुनापेटारा
नमस्कार मंडळी. आजोबांच्या पेटीतले पन्नासेक फोटो स्कॅन केलेत. बहुतेकांवर घडीच्या पांढऱ्या रेघा आहेत, त्या काढायच्या आहेत. त्यासाठी गिंप हा फोटो दुरुस्त करायचा प्रोग्राम घेतला, पण उघडल्यावर कुठे बघावं तेच कळेना. डावीकडे बारीक चित्रं, उजवीकडे टॅबच टॅब. त्यात काल काहीतरी दाबलं गेलं आणि दोन्ही बाजूंचे पॅनेल गायब, नुसता फोटो उरला. यातलं किती शिकावं लागेल? की क्रिता घेऊ? जाणकारांनी सांगावं.

संध्यासावली
कीबोर्डवरची टॅब दाबली गेली असणार. पुन्हा दाबा, पॅनेल परत येतील. क्रिता छानच आहे, पण ते मुळात चित्र रंगवणाऱ्यांसाठी बनवलंय. तुमच्या कामाला गिंपच बरं.

रेघोटी
सगळी हत्यारं शिकायच्या मागे लागू नका. मी तसं केलं आणि दोन महिने वाया घालवले. आधी तीनच जागा ओळखा.

पहिली, उजवीकडचं लेयर्स पॅनेल. लेयर म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर. कुठल्या लेयरवर काम चाललंय ते इथेच कळतं. फोटो उघडला की लगेच शिफ्ट-कंट्रोल-डी दाबून लेयरची प्रत काढा आणि प्रतीवरच काम करा, मूळ फोटो खाली शाबूत राहतो.

दुसरी, टूल ऑप्शन्स. हत्यार बदललं की हे पॅनेलही बदलतं. ब्रशचा आकार, कडेचा मऊपणा सगळं इथे. नवखे लोक हत्याराच्या चित्राकडे बघत बसतात, पण खरं काम या पॅनेलमध्ये होतं.

तिसरी, अगदी तळाची पट्टी, जिच्याकडे कुणी बघत नाही. तुम्हाला लागणारं हील टूल (नमुना आजूबाजूच्या रंगात मिसळून रेघ बुजवणारं) एच दाबून घ्या आणि पट्टी वाचा. कंट्रोल धरून क्लिक करा, म्हणजे स्वच्छ भागाचा नमुना घेतला जाईल, असं ती सांगते. नमुना न घेता फिरवलंत तर काहीच होणार नाही.

आणि जुने व्हिडिओ बघताना जपून. २०१८ च्या २.१० पासून गिंप सुरुवातीलाच एका खिडकीत उघडतं. त्याआधीच्या व्हिडिओंमध्ये बहुधा तीन सुट्या खिडक्या दिसतील, आणि आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटत राहील.

कोरापान
रेघोटींना +१. पॅनेल ओढताना विस्कटलंच तर प्रेफरन्सेसमध्ये इंटरफेसखाली विंडो मॅनेजमेंट आहे. तिथून खिडक्यांच्या जागा मूळपदावर आणता येतात, गिंप बंद करून पुन्हा उघडावं लागतं. फोटोशॉपवाल्यांसाठी हेच विंडो मेन्यूत, वर्कस्पेसखाली रीसेट म्हणून आहे.

जुनापेटारा
टॅबने सगळं परत आलं! लेयरची प्रत काढली, नमुनाही घेतला. एक रेघ गेलीसुद्धा. पण आता दुसरीकडे कितीही फिरवलं तरी ढिम्म. लेयर बरोबर आहे, तळाशी काही तक्रार नाही.

रेघोटी
शिफ्ट-कंट्रोल-जे दाबून अख्खा फोटो खिडकीत आणा. कुठेतरी सरकणाऱ्या तुटक रेषांची चौकट दिसते का? सिलेक्शन राहिलं असेल तर त्याच्या बाहेर काहीच उमटत नाही. मोठं करून काम करताना ती चौकट नजरेबाहेर राहते, म्हणून लक्षात येत नाही. शिफ्ट-कंट्रोल-ए ने काढून टाका.

जुनापेटारा
होती! वरच्या कोपऱ्यात एवढीशी चौकट. मघाशी चुकून ओढली गेली असावी. आता आजीच्या गालावरची रेघ गेली, बघून फार बरं वाटलं. फक्त कपाळाजवळ केसांची कड पुसट झाल्यासारखी दिसते.

रेघोटी
तेवढं कंट्रोल-झेड करून मागे घ्या. चौकटी कंसाच्या डाव्या कळीने ब्रश लहान करा, रेघेपेक्षा किंचितच रुंद. नमुना केसांतूनच घ्या, कपाळावरून नको. तरी कड पुसट होत असेल तर तेवढ्या जागी हीलऐवजी क्लोन वापरा, ते नमुना जसाच्या तसा उमटवतं, आजूबाजूचा रंग मिसळत नाही. आणि काम सेव्ह एक्ससीएफमध्येच (गिंपचा स्वतःचा फाइल प्रकार) करा, जेपीजी एक्सपोर्टमधून काढा. म्हणजे लेयर्स राहतील आणि उद्या पुन्हा तिथूनच सुरू करता येईल.